हाय मी

कुईं… कुईं… आईला घेऊन निघालेल्या स्ट्रेचरचं एक चाक अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या त्या लांबलचक, फिनेलच्या उग्र दर्पाने कोंदलेल्या व्हरांड्यातून कण्हत चाललं होतं. हृदयाची शस्त्रक्रिया. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणाले होते. बघू! या दोन अक्षरांत केवढा अंधार मावतो, ते तुम्ही कधी अनुभवलंय का? मी आईच्या कानाशी वाकले, 'भिऊ न—' एवढंच म्हणाले, तोच आण्णांनी, माझ्या वडिलांनी, माझं मनगट गच्च दाबलं. मी शब्द गिळला. त्या चाकाच्या आवाजाने त्यांनाही तीच विहीर आठवली होती.

आमच्या गावच्या सहकारी दूध सोसायटीची विहीर ती. दुष्काळाने आटलेली. जनावरं दावणीला हंबरायची, आभाळ निर्लज्जासारखं निरभ्र! म्हणून सभासदांनीच पाळीपाळीने उतरून ती खोल करायची, असं ठरलं. काठावर दगडमाती उपसणारी यारी बसवली होती; तिचं चाक असंच कण्हायचं. ती चालवायला मांजरसुंब्याहून मुनीरचाचा फिटर यायचे. आणि त्या कामाचा एक रिवाज होता: खाली माणूस असेतो काठावरच्याने बोलत राहायचं. खालून 'ओ' आली तर उत्तमच. न आली तरी थांबायचं नाही.

त्या दिवशी पाळी आण्णांची होती. भाकरी घेऊन आई आणि मी काठावर पोचलो, आणि धडाड्‌दिशी एका बाजूची दरड कोसळली. धुळीचा लोट वर आला. खाली काहीच दिसेना. आईने भाकरीचं फडकं टाकलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "भिऊ नकाऽऽ!"

विहिरीने काय परत द्यावं? "नका… नका… नका…"

आण्णांनी वर यायला नुकताच दोर धरला होता. आधीचं त्यांना ऐकूच आलं नाही, ऐकू आलं ते फक्त 'नका'. वर काही धोका आहे असं समजून त्यांनी हातातला दोर सोडून दिला! दुसरी दरड सुटली. मला आजही त्या मातीचा आवाज झोपेत ऐकू येतो, खोटं कशाला सांगू?

"भाभी, 'नका' न्हाई म्हनायचं!" मुनीरचाचा कडाडले. "हीर बोलन्याचा शेंडाच परत देती. 'हाय मी' म्हना!"

आई काठावर पालथी पडली. "हाय मी!" विहीर म्हणाली, "मी… मी…" खालून उत्तर नाही. पुन्हा "हाय मी!" तिचा गळा चिरकला, बसला, नुसती हवा निघू लागली, तरी बाई थांबली नाही. आणि कितीतरी वेळाने, मातीने भरलेल्या तोंडातून आलेली, एक खरखरीत "ओ…"

तेव्हापासून आमच्या घरात 'भिऊ नको' कुणी म्हणत नाही. पटतं मला ते. आपण उदार मनाने उच्चारलेल्या किती आश्वासनांच्या पोटात भयच दडलेलं असतं! 'काही होणार नाही' म्हटलं की होऊ शकणारं सगळं डोळ्यांपुढे नाचू लागतं. धीराचा शब्द संकट टाळत नाही हो. संकटात आपण एकटे नाही, एवढंच तो सांगतो. पण तेवढ्यावर माणूस दोर धरतो.

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. आण्णा, एरवी चारचौघांत आईशी धड न बोलणारे, त्या दाराला तोंड लावून शेतातल्यासारखे ओरडले, "हाय मी!" नर्स धावली, "अवो बाबा, दवाखाना हाय हा!" आण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आतून, अगदी बारीक, आली: "ओ."

त्यानंतर आलेली नाही. आता तिला भूल दिली असेल. आण्णांना ते कळतं. त्यांचा आवाज बसत चाललाय, तरी ते दाराशी उभे आहेत आणि थोड्या थोड्या वेळाने पुटपुटतात. मला अतोनात भीती वाटतेय. आत्ता त्यांना खोकल्याची उबळ आली, शब्द घशातच अडकला. मी उठले, दाराला तोंड लावलं.

"हाय मी."