बारा मीटरांचं विलगीकरण

मीटरमामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते. वीज मीटर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढल्यावर साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणायला लागले, एवढंच. आलेलं मीटर बेंचवर चढवायचं, खात्रीच्या मीटरसोबत चालवून किती चुकतंय ते लिहायचं, बरोबर असेल तर सील मारून दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. शेवटची चाचणी त्यांची लाडकी. वीज चालू, पण वापर शून्य. अशा वेळी मीटर एक आकडासुद्धा सरकता कामा नये. "काम नसताना पुढे जाणारे फक्त ऑफिसात चालतात," असं ते म्हणायचे, आणि साहेब जवळपास असले तर जरा मोठ्याने म्हणायचे.

टाळेबंदी लागली तेव्हा त्यांच्या लेकीला नववा महिना लागला होता. जवळचं प्रसूतिगृह साथीच्या रुग्णांना दिलेलं. बाळंतिणींसाठी मागची नवी इमारत तयार होती. खाटा होत्या, नर्स होत्या, वीज नव्हती. त्या इमारतीची बारा मीटरं, दिव्यांची, पंपाची, ऑपरेशन थिएटरची, लिफ्टची, दाखल्यासाठी मामांकडे आली. लेकीच्या तारखेला बावीस दिवस होते. दुसरं हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर, आणि मध्ये तीन नाके.

गेटवर वॉचमनने एकेका खोक्यावर ताप मोजायची बंदूक धरली. "चौतीस. चौतीस. हे जरा गरम आहे."

"उन्हात होतं ते," मामा म्हणाले.

"सगळे असंच सांगतात."

तेवढ्यात साहेब परिपत्रक घेऊन आले. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूचं चौदा दिवस विलगीकरण. मीटरं मागच्या खोलीत, दाराला कुलूप.

"पण साहेब, नोंद झाल्यापासून सात दिवसांत चाचणी झाली पाहिजे. नाहीतर माल परत."

"मग परत जाईल."

"आणि पुन्हा आला की?"

"पुन्हा चौदा दिवस."

"म्हणजे ही मीटरं जन्मभर येरझाऱ्या घालणार."

"मामा, नियम मी केलेत का?" साहेबांनी मास्क नाकावर ओढला. म्हणजे विषय संपला.

घरी मामींनी सगळं ऐकून घेतलं. "मग पोरीने काय करायचं? पोटातल्याला सांगायचं, थांब बाबा, तुझं परिपत्रक यायचंय?"

सकाळी मामा कपड्यांची पिशवी घेऊन निघाले. मागच्या खोलीत फवारणी करायला वॉचमनने दार उघडलं होतं. मामा शांतपणे आत गेले आणि बाराही खोक्यांवरून हात फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बघितलंस? आता मी संपर्कातला. मला कुठे ठेवायचं?"

वॉचमनने परिपत्रक काढून बोट ठेवत वाचलं. "संपर्कातली व्यक्ती... त्याच जागी. चौदा दिवस."

"लाव कुलूप. आणि तो चाकांचा बेंच आत ढकल."

"बेंच कसा ढकलू? तो तर धडधाकट आहे."

"मग त्यालाही हात लावतो." मामा तळवा पुढे करून दोन पावलं आले, तसा वॉचमनने बेंच पायाने ढकलत आत लोटला आणि कुलूप घातलं.

साहेबांनी परिपत्रक तीनदा वाचलं. संपर्कातल्याने आत बसून काम करू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. दाखल्यावर साक्षीदाराची सही लागते, म्हणून ते रोज खिडकीबाहेर सहा फुटांवर खुर्ची टाकून बसायचे. मामा काचेआडून आकडे ओरडायचे, साहेब आपल्या कागदावर लिहून खाली सही ठोकायचे.

मामी खिडकीच्या कट्ट्यावर डबा ठेवून लांब उभ्या राहायच्या. "आमच्यासोबत लग्नातसुद्धा दोन तासांच्या वर थांबला नाहीत. मीटरांसोबत चौदा दिवस?"

"ती मध्ये बोलत नाहीत."

"त्यांना अजून तुम्ही कळला नाहीत म्हणून."

सहाव्या दिवसापर्यंत अकरा मीटरं पास झाली. सातव्या दिवशी बारावं, लिफ्टचं, बेंचवर चढलं. सगळं ठीक होतं. मग शून्य वापराची चाचणी लावली, आणि आकडा हळूच सरकला.

"किती?" साहेब बाहेरून ओरडले.

"एक."

"एकाने काय होतंय? मामा, तुमचीच लेक जाणार ना तिथे? वॉर्ड कितव्या मजल्यावर आहे?"

"दुसऱ्या."

"मग पास करा. नवीन मीटर मागवलं तर त्याचे चौदा दिवस वेगळे."

मामांनी वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा चाचणी लावली. आकडा सरकला. मीटर उतरवून पुसलं, परत चढवलं. आकडा सरकला. चौथ्यांदा तर ते मीटरकडे पाठ करून उभे राहिले, म्हणजे लाजून तरी थांबेल. वळून बघितलं, तर एक आकडा पुढे.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "नापास."

चौदाव्या दिवशी अकरा मीटरं सुटली. मामा सुटले नाहीत. खोकी भरताना त्यांनी मीटरांना हात लावला होता, आणि चौदा दिवस मोजायचे ते शेवटच्या संपर्कापासून. साहेबांनी ओळ काचेला लावून दाखवली. मामांनी चष्मा पुसून वाचली. काढण्यासारखी चूक नव्हती.

एकविसाव्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. धापा टाकत होती. "बाबा, लिफ्टला कागद चिकटवलाय. मीटर नापास. खाली सही तुमची."

"सरकत होतं गं."

"मी पण सरकतेय. पायऱ्यांवरून."

"कुठे आहेस?"

"पहिल्या मजल्यावर. जिन्यात बसलेय. आई म्हणतेय, त्यांना सांग, तुमचं मीटर खांद्यावर टाका आणि पोरीला उचलायला या."

"किती पायऱ्या राहिल्यात?"

"तुम्ही मोजत बसा, बाबा." फोन बंद झाला.

मामा खिडकीशी उभे राहिले, मग स्टुलावर बसले, मग परत उभे राहिले. कडी हलवून बघितली. वॉचमन पळत आला आणि सहा फुटांवर थांबला.

साडेतीन तासांनी मामींचा फोन आला. दोन नर्सनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लेकीला वर नेलं होतं. ऑपरेशन थिएटरचा दिवा एकदाही लुकलुकला नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप. वजन तीन किलो शंभर.

मामा खाली बसले. डोळे पुसले. मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अगं, पण नर्सना विचार ना," ते म्हणाले, "काटा शेवटचा कधी तपासला होता?"