ओळख नसलेला प्रश्न

प्रश्नाची नीट चौकशी केल्याशिवाय त्याला वर्गात पाऊल ठेवू न देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे टेंभुर्णीच्या आमच्या शाळेतले गणिताचे थोरले सर. ‘एक माणूस ताशी चार किलोमीटर वेगाने चालतो’ एवढं वाचलं की ते चष्मा कपाळावर चढवत. “कुठं चालला? उन्हाळ्याचं पाणी प्यायला तरी थांबला का न्हाई?” मग त्या माणसाला जाफराबादच्या रस्त्याला लावून, वाटेत दहा मिनिटं बसवून, नव्यानं उत्तर काढूनच ते पुढच्या प्रश्नाकडे वळत. एका घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला त्यांना चार दिवस लागत आणि त्या चार दिवसांत शिक्षक-खोलीतला त्यांचा चहा रोज थंड होई.

अशा माणसासमोर शाळेनं संगणकावरची प्रश्नपेढी आणून ठेवली. धडा निवडा, गुण टाका, सोपं-मध्यम-कठीण सांगा, की प्रश्नपत्रिका तयार. मी तेव्हा नवी होते. नववीच्या एका तुकडीची प्रश्नपत्रिका मी पंधरा मिनिटांत काढली आणि ऐटीत सरांना दाखवायला गेले. ते पहिल्याच प्रश्नावर अडलेले. “जल्दी काय आहे, मॅडम? हे साठ टरबूज घेऊन आलेलं पोरगं कोण, ते पाहून राह्यलो.”

मी वाट न पाहता ती तशीच छापायला दिली. परीक्षेच्या दिवशी माझा वर्ग पेनं तोंडात धरून बसला. दोन प्रश्न एकच होते, फक्त आकडे निराळे, आणि एक तर न शिकवलेल्या धड्यातला. पहिल्या बाकावरची मुलगी रडायच्या बेतात आली. शेजारच्या वर्गातून सर आले, फळ्यावर बदललेले प्रश्न लिहिले आणि आपल्या वर्गात परत गेले. संध्याकाळी मीच माफी मागायला गेले, तर म्हणाले, “मशीन कामाचंच आहे. वर्गात कोण बसलंय, ते आपण त्याला सांगितलंच न्हाई. मला ते निवडायचं शिकवा, मंग दोघं बसू.”

तेव्हापासून मी प्रश्न निवडायचे आणि सर त्यांची उलटतपासणी घ्यायचे. चार दिवसांचं काम तासाभरात होऊ लागलं. वाचलेल्या वेळात सरांनी आपल्या वह्यांमधले प्रश्न पेढीत चढवले. सोपं, मध्यम, कठीण यांच्या जोडीला त्यांना ‘धीर देणारा’ असा चौथा प्रकार हवा होता. “तसा रकाना नाही, सर,” म्हटलं, तर शेऱ्यात लिहायला लावलं. प्रत्येक प्रश्नपत्रिका अशाच प्रश्नानं सुरू व्हावी, हा त्यांचा हट्ट.

सर निवृत्त होऊन गावाकडे गेले. परवा हीच प्रश्नपेढी वापरणाऱ्या मंठ्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. सरांच्या प्रश्नात एक मोटर तीन तासांत टाकी भरते, दुसरी सहा तासांत. दोन्ही मिळून किती वेळ? सरांनी अपूर्णांक मांडून दोन तास काढलेले. तिथल्या एका मुलीनं लिहिलं होतं, सहा तासांत पहिली दोन टाक्या भरेल, दुसरी एक, म्हणजे तीन टाक्यांना सहा तास, एकीला दोन. मी सरांना फोन करून हे सांगितलं.

“माझी रीत खाली घ्या, तिची वर टाका,” ते म्हणाले. मग फोन ठेवता ठेवता, “आणि मॅडम, असं कोणी लिहिलं की कळवत जा. इथं कोणी पेपर दाखवत न्हाई.”