फ्रिजमध्ये मागे ठेवलेलं दूध

आमच्या ऑफिसातली एक बाई इथल्या हिंदी मुलखातल्या कुम्हारीहून रोज येते, मूळची आमच्याच नागपूरकडची. बोलणं भराभरा, अर्धं हिंदीत. पण तान्ह्या लेकीसाठी काढलेलं अंगावरचं दूध हाताळताना तिचे हात सावकाश चालतात. झाकण घट्ट लावते, वर तारीख लिहिते, बाटली फ्रिजमध्ये पार मागे ठेवते आणि संध्याकाळी बर्फाच्या पिशवीत घालून नेते. "दारात ठेवलं तं घडीघडी गरम हवा लागते, ताई," असं मला सांगते.

परवा आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कांनी, हौसेने चहा ठेवला आणि दुधासाठी तीच बाटली काढली. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, बोलायला कुणाला भीत नाही. पण मला नुसतं "अहो, अहो" सुचलं. ती मात्र जागेवरूनच मोठ्याने म्हणाली, "बाबूजी, रख दीजिए. मेरी बच्ची का खाना है, मैंने निकाला है."

बडेबाबूंनी घाईने बाटली दारात ठेवली. आता कुजबुज होईल आणि उद्यापासून हिला बाटली आणणं जड जाईल, असं मला वाटलं.

"पीछे, बाबूजी. पीछे ठंडा रहता है."

त्यांनी बाटली मागे सरकवली नि विचारलं, "बिटिया ठीक है ना?"

"एकदम. चाय आज काली ही पिलाइए."

तो काळा चहा मी मान ताठ ठेवून प्यायले.