सुलाबाईच्या दारातली पंचांची पंगत

आप्पासोंनी चौथ्यांदा वाटी पुढे केली, तेव्हा सुलाबाईनं तोंड फिरवून रस्सा वाढला. मिशीला तेलाचा तवंग, हनुवटीवर ओघळलेला रस्सा. तो सदऱ्याच्या बाहीनं पुसायचा आणि पुन्हा नळी चोखायची. गावकीचा सगळ्यात मोठा पंच तो हा.

कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात सुलाबाई सून म्हणून आली आणि फौजेतला नवरा गेल्यावर तिथंच राहिली. ब्याण्णव साली दिरानं बांध कोरला, म्हणून ती कोर्टात गेली. गावातलं भांडण भैरोबाच्या देवळातच मिटवायचं, ही गावकीची रीत. ती मोडली म्हणून तिला वाळीत टाकलं. दोन वर्षं तिचा उंबरा कुणी ओलांडला नाही, गिरणीवाला दळण घेईना. आता तिच्या लेकीचं, अंकिताचं लग्न ठरलं होतं आणि तासगावच्या व्याह्यांनी निरोप धाडला होता, मांडवात गाव नसेल तर आम्हीही येणार नाही.

म्हणून हे बोकड कापलं. वाळीतल्या घरी पंच जेवले की वाळीत उठतं, हा जुना नियम.

हात धुऊन, पानाचा तोबरा भरून आप्पासो म्हणाले, "आता आसं कर सुले, कोर्टातली केस काडून घे. मग बगू वाळीतचं."

उष्ट्या पत्रावळी गोळा करणारा सुलाबाईचा हात थांबला.

कोपऱ्यातून म्हातारा कोंडीबा गुरव म्हणाला, "आवं आप्पासो, अट आदी घालायची आसती. घास गिळला तवाच निकाल झाला की!"

"कोन जेवलं रं? आमी नुस्ता रस्सा चाखला. व्हय का न्हाई, नाथाजी?"

"रस्साच की," दातात काडी घालत शेजारचे पंच नाथाजी म्हणाले.

सुलाबाईनं आप्पासोंची पत्रावळ उचलली आणि त्यांच्यापुढंच पालथी केली. हाडं घरंगळत धोतरावर गेली.

"मग ही काय रश्श्यात उगावली व्हय? केस न्हाई निगायची. जेवलायसा, आता बोला."

दाराशी जमलेल्या बायांत एक फिसकन हसली. मग सगळ्याच.

"उठलं, उठलं वाळीत," धोतर झटकत आप्पासो पुटपुटले.

लग्नाला अख्खं गाव आलं. पहिल्या पंगतीत मधोमध आप्पासो बसले होते. सुलाबाईनं वर न बघता त्यांना जिलबी वाढली. मग न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात राखेनं घासले.