पहिल्या उताराला शेजारी बसणारे तात्या

दुपारी शाळेत मुलांची जेवणं चालली होती, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "तात्या गेले..." एवढंच म्हणाले. तात्या म्हणजे माझे थोरले दीर. सकाळी मी गाडी अंगणातून मागं घेत होते, तेव्हा ते रस्त्यात उभे राहून 'या, या' असा हात करत होते. आणि दुपारी रानात बांधावर बसले ते बसलेच. सोबतच्या बाईंच्या हवाली वर्ग करून मी निघाले. माझी शाळा वेल्ह्याच्या पुढं, वरच्या अंगाला. घर वरवे बुद्रुकला. उतरणीचा रस्ता, डोळ्यांना धार लागलेली. पण उतार सुरू व्हायच्या आत माझ्या हातानं आपसूक गिअर खाली घेतला होता. आधी गिअर, मग ब्रेक, हे तात्यांनीच अंगात मुरवलेलं. मार्गासनीला गाडी बाजूला घेतली आणि मोकळेपणानं रडून घेतलं. मगच घरी आले.

आता महिना होऊन गेलाय. लोक अजून येतात, बसतात, तात्या किती सरळमार्गी होते ते सांगतात. चहा देता देता मी ऐकते आणि मनात म्हणते, तुम्हाला अर्धंच माहिती आहे. एक गोष्ट मीच इतकी वर्षं लपवलेली आहे. ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

वरच्या शाळेवर माझी नेमणूक झाली तेव्हा घरात मोठा खल झाला होता. एसटी कधी येईल त्याचा नेम नाही, सुटली की दिवस गेला. गाडी शिकायची नाही तर नोकरी सोडायची, असा सरळ हिशेब होता. ह्यांचं मत, सोडायची. "त्या उतारावर बाईमाणसानं गाडी चालवायची म्हणजे..." असं म्हणून ते वाक्य अर्धवट ठेवायचे आणि मला पुरतं कळायचं. तात्यांनी मात्र मला गाडी शिकवली. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर धाकटीनं डोक्यावर पदर घ्यायचा, उगाच बोलायचं नाही, अशी रीत. तात्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, पदर कमरंला खोचा. ष्टेरिंगमदी गुतला म्हंजी दोघंबी जायाचो." मी मास्तरीण म्हणून ते मला बाईच म्हणत, आणि अहोजाहो करत.

जन्मभर त्यांनी दुधाचा टेम्पो चालवला होता. गुंजवण्याकडून, मार्गासनीकडून दूध गोळा करायचं आणि हायवेला आणून द्यायचं. टेम्पोचे ब्रेक त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिले नाहीत. गॅरेजवाल्यांवर राग नव्हता, चांगले दोस्त होते त्यांचे. पण म्हणायचे, "जीव आपला, तर हात बी आपलाच पायजे." पुढं माझ्या गाडीचं काम त्यांच्याकडंच आलं, आणि गावातल्या दहाजणांच्या गाड्यांचंही. रविवारी सकाळी अंगणात गाडी घ्यायची, मागच्या चाकांना दगड लावायचे, नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, मग जॅक. चाक निघालं की ते गाडीखाली आडवं सरकवायचं, जॅक घसरला तरी गाडी त्याच्यावर बसेल म्हणून. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. "इसरलं कसं व्हतं, तर पलीकडं जाऊन बघायचं. ती झाकलेली हाय न्हवं!" ब्रेकचे जुने पॅड, चाकाला घासून गाडी थांबवणारे, काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. झिजून पातळ झालेले. "ह्या एवढ्याशावर तुमी रोज खाली येताय बघा," म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. नवे पॅड बसवले की गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचा उतार पहिल्यांदा उतरताना ते स्वतः गाडीत शेजारी बसणार. गाडी कुणाचीही असो. एकदा अंगात ताप होता, तरी घोंगडी पांघरून जाऊन बसले. मी रागावले तर म्हणाले, "काम माझं, मग गाडी पडली तर म्या बी पडाया नगं व्हय?" या माणसापुढं काय बोलणार!

आता माझा पराक्रम ऐका. खंडेनवमीला आमच्याकडं कोयते, विळे, पहार, पाने, सगळी हत्यारं घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून पूजेला मांडतात. एका वर्षी तात्यांनी माझ्या गाडीचे नवे पॅड आणून हत्यारांच्या पेटीत ठेवले होते, दसऱ्याला बसवायचे म्हणून. मी पूजा मांडली. कोयत्याला तेल लावलं, पान्यांना लावलं आणि पॅडनाही भक्तिभावानं चांगलं चोळून लावलं. वर हळदीकुंकू. संध्याकाळी सगळं फडक्यानं लख्ख पुसून जिथल्या तिथं ठेवलं. शिकलेली बाई मी! मुलांना विज्ञान शिकवते!

दसऱ्याला तात्यांनी पॅड बसवले. टाकीच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायचं नाव घेईना. पाय दाबून मी थिजले. तात्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पाय काढू नगा. दुसरा गिअर टाका... आता सोडा क्लच." आणि हँडब्रेक ते हळूहळू ओढत राहिले. गाडी जाऊन रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगाला टेकली. पुढचा एक दिवा फुटला, दोघं धडधाकट राहिलो. घरी येऊन त्यांनी चाक उघडलं, पॅड नाकाशी धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता कडाडतील. तर त्यांना हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं हसून. "आवं बाई, समद्या हत्यारांत ह्येच येक कोरडं ठिवायचं असतं!"

मला मात्र हसू येत नव्हतं. सणाचीही ड्यूटी करून संध्याकाळी हे कंपनीतून येणार, फुटका दिवा बघणार आणि माझी नोकरी त्याच दिवशी संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. सुरुवातही तशीच झाली. हे आल्या आल्या माझ्याकडं वळले. तेवढ्यात तात्या उठून मधे आले. "पॅड म्या बसवले. माझ्या हातचं तेल लागलं. बाईंची काय बी चूक न्हाई." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की शब्द घशातच राहिला. खरं सांगायचं तर तो मी राहू दिला. मला नोकरी हवी होती.

बातमी गावभर झाली. तात्यांच्या हातून चूक झाली याचीच लोकांना गंमत. चावडीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "तात्या, हात धुतले का?" ते नुसते हसायचे. त्यानंतर आमच्या अंगणात दुसऱ्या कुणाची गाडी आली नाही. लोकांचा विश्वास उडाला, असंच मी समजत होते, आणि मनातल्या मनात जळत होते. माझ्या गाडीचं काम निघालं की ते दुधाचं रिकामं क्रेट पालथं घालून त्यावर बसायचे आणि मला म्हणायचे, "बाई, तुमी करा. म्या बघतो." पान्याला बोटसुद्धा लावायचे नाहीत. मी म्हणायचे, तात्या मला तयार करतायत. पहिल्यांदा मला चार तास लागले. गुडघे फुटले, नख गेलं, दोनदा पान्याला शिव्या दिल्या. ते आपले बसून, "डावीकडं... आता थोडं... हां." आणि उताराला शेजारी. तेवढं त्यांनी सोडलं नाही.

गेल्या आठवड्यात माझी गाडी पुन्हा किरकिरायला लागली. हे म्हणाले, गॅरेजला टाकू. मी म्हटलं, नाही, मीच करणार. रविवारी चाक खोललं. हे शेजारी उकिडवे बसून पाने देत होते. नवा पॅड हातात घेतला आणि मला पुढं हात चालवेना. तिथंच बसून मी ह्यांना सगळं सांगितलं. खंडेनवमी, तेल, तात्यांचं खोटं, सगळं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग खाली मान घालून पाने पुसत राहिले. मला वाटलं, रागावले. काम संपलं, ब्रेकचं पेडल कडक होईपर्यंत मी दाबून घेतलं, तर हे हात धुऊन आले आणि दार उघडून शेजारच्या शिटावर बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी चालवत असताना हा माणूस कधी खिडकीवरची मूठ सोडून बसला नव्हता. "चल," म्हणाले.

टाकीच्या उताराच्या ऐन मध्यावर मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आणि हे समोर बघत बोलायला लागले.

"त्या दसऱ्याला तू आत गेलीस, तेव्हा मी तात्यांना बोललो होतो. म्हटलं, तुम्हाला आता दिसत नाही नीट, कुणाचा तरी जीव घ्याल. इथून पुढं कुणाच्या गाडीला हात लावू नका. शपथ घातली मी त्यांना, माझ्या गळ्याची."

मी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

म्हणजे लोक येत होते. तात्याच त्यांना परत पाठवत होते. आणि माझ्या अंगणात ते क्रेटवर बसून राहायचे, ते मला तयार करायला म्हणून नव्हे. धाकट्या भावाची शपथ होती. माझं नाव वाचवायला बोललेल्या खोट्यापायी त्या माणसानं आपले हात बांधून घेतले, आणि मग तेच काम माझ्या हातात उतरवलं. एका शब्दानं खरं सांगितलं असतं तर सुटले असते. माझी नोकरी गेली असती, एवढंच.

हे रडत होते. मीही. मागून एक टेम्पो आला, त्यानं हॉर्न दिला आणि आम्हाला वळसा घालून निघून गेला. आम्ही कितीतरी वेळ तिथंच उतारावर होतो, आणि ब्रेकवरचा पाय मी काढला नव्हता.