शपथ खालची, बाजूची नाही

हरिओमचं शिक्षण कशाचं, हे गावात कुणाला धड सांगता येत नसे. त्याची आई वच्छलाबाई म्हणायच्या, "तेलाच्या कंपनीत हाये," आणि ऐकणाऱ्याला वाटे सरकीचं तेल. पोरगा गुजरातेत खनिज तेलाच्या क्षेत्रावर इंजिनिअर होता. खडकात तेल किती, ते किती सावकाश उपसलं तर जास्त वर्षं पुरेल, हा हिशोब त्याच्याकडे. हावरटपणा केला की तेलाऐवजी खारं पाणी वर येतं आणि उरलेलं तेल खडकातच अडकतं. वरच्या साहेबांनी तोच केला. "हे क्षेत्र संपलं," एवढं म्हणून ते मोकळे झाले; कंत्राटही संपलं, हरिओम मोताळ्याजवळच्या आमच्या गावी परत आला.

आला तर इथेही तोच कारभार. सगळ्या गावाच्या नळाला पाणी देणारी गावविहीर नाल्याकाठी, आणि तिच्या भोवती प्रत्येकाच्या शेतात बोअर. हरिओम दोरीला दगड बांधून विहिरीविहिरीतलं पाणी मोजत हिंडू लागला.

"इंजिनेर, मासे धरून राह्यला का बे?" लोक विचारायचे.

ग्रामसभेत तो उभा राहिला. म्हणाला, "रांजण एकच आहे. प्रत्येकानं आपापली तोटी बसवली म्हणून रांजण मोठा होत नाही." बरं बोलला. तिथंच खाली बसायचं की नाही? पण नाही, तेलवाल्यांचं पापही सांगून बसला: उभं भोक आटलं की ते आडवं पाडतात, मग लांबच्या खडकातलंही ओढता येतं.

मारुतीच्या पायावर हात ठेवून सगळ्यांनी शपथ घेतली, नवी बोअर पाडणार नाही. पहिला हात भगवानरावांचा. त्यांचा आणि हरिओमचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, एकच.

थंडी सरली आणि आडव्या बोअरची मशीन भगवानरावांच्या विहिरीत उतरली. हरिओम धावत गेला. मागून मी, त्याची शेजारची काकू.

"काका, शपथ घेतली होती ना तुमी!"

"घेतली ना. खालची घेतली, बाजूची कुठी घेतली? अन् लेका, तूच तं सांगलं, आडवं पाडलं की लांबचंही येते."

मशीनवाल्यासकट सगळे हसले. हरिओम नाही हसला.

मग काय, रांगच लागली. होळीपर्यंत गावविहिरीचा तळ उघडा पडला. टँकर आला. मी त्याला म्हटलं, "अरे, तोंड शिवलंय का तुझं? भांड की!"

"कोणाशी भांडू काकू? सारे आपलेच तं आहेत."

वच्छलाबाईंची लिंबाची बाग पिवळी पडली. नवऱ्यामागे डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली झाडं ती. एक दिवस त्यांनी वाळकी फांदी आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "गावाले शहाणं करून राह्यला. माही झाडं काऊन मारतं रे?"

त्यानं आपल्या विहिरीवर मशीन बोलावली.

आणि शिकलेलं सगळं वापरलं. काठावर वाकून मऊ दगडाचा पट्टा कुठून कुठं जातो ते पाहिलं, भोक नेमकं तिथंच पाडायला लावलं. पाणी फुटलं. वच्छलाबाईंनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी भगवानरावांची मोटर नुसती हवा ओढू लागली.

ते धुऱ्यावर आले. मला वाटलं, आता काठ्या निघणार. भगवानराव काठावर ओणवे होऊन विहिरीत डोकावले.

"इंजिनेर," म्हणाले, "माह्याही विहिरीत दाखोन दे बाप्पा, कुठून पाडू."

त्यानं दाखवलं.

आता पार वडनेर भोलजीहून त्याला बोलावणी येतात. परवा फाटकाशी गाडीला किक मारत होता, तेव्हा मी विचारलंच, "अन् गावविहीर?"

"ते क्षेत्र संपलं काकू," म्हणाला. तिकडच्या साहेबांसारखा, शांतपणे. आणि गेला.

पाणी मोजायची ती दोरी वच्छलाबाईंनी अंगणात बांधली आहे. तिच्यावर लुगडी वाळत असतात. धुतात टँकरच्या पाण्यानं.