कलम नऊची पडताळणी

कायदा कोण करतं, असं विचारलं की लोक सभागृहातल्या खुर्च्यांकडे बोट दाखवतात. दाखवू देत बापडे. पण मतदान झालं, बाकं वाजली, सगळे जेवायला गेले, की तो कायदा जिना उतरून तळमजल्यावरच्या एका अरुंद खोलीत येतो. तिथे दोन टेबलं, एक घरघरणारा पंखा आणि शाईचे डाग पडलेली फरशी. त्या खोलीत एकोणीस वर्षं बसलेल्या बाईला सगळं कार्यालय कानामात्रा म्हणायचं. छापलेल्या कागदात एखादा काना निसटला तर तिला तो जेवणातल्या खड्यासारखा लागायचा. तिला हे नाव आवडायचं नाही, पण हाक मारली की ओ द्यायची.

काम साधं होतं. सभागृहात विधेयकाच्या ज्या प्रतीवर दुरुस्त्या हाताने लिहिल्या जातात, तिला टेबलप्रत म्हणत. छापखान्यातून नवी छापील प्रत आली की दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने छापील प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने टेबलप्रतीवर बोट फिरवायचं. स्वल्पविरामसुद्धा तोंडाने म्हणायचा. शेवटपर्यंत जुळलं की खाली दोघांच्या सह्या. मग अध्यक्षांची सही, आणि मग रस्त्यापलीकडच्या मोठ्या इमारतीत राष्ट्रप्रमुखांची. ती झाली की कायदा झाला.

वाचायचे मास्तर. कधीकाळी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. आवाज असा खणखणीत, की शेजारच्या विभागातले लोक दार लावून घेत. बोट फिरवायची कानामात्रा. एकोणीस वर्षांत या जोडीच्या हातून एक चूक बाहेर गेली नव्हती. मास्तरांना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते.

त्या मंगळवारी खाणकामगारांचं विधेयक मंजूर झालं. दगडाच्या धुळीने फुप्फुसं निकामी झाली तर कामगाराला भरपाई आणि औषधपाणी मिळावं, असा कायदा. मूळ मसुद्यात नववं कलम म्हणत होतं की काम सोडल्यापासून एका वर्षात अर्ज करायला हवा. विरोधी बाकावरच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही धूळ दहा-दहा वर्षं छातीत गप्प बसते. काम सोडल्यावर वर्षभरात माणसाला कळणार कसं? डॉक्टरांनी आजार सांगितला त्या दिवसापासून वर्ष मोजा." वरच्या सज्जात एक म्हातारा खोकत होता. खोकला थांबेना, म्हणून पहारेकऱ्याने त्याला बाहेर नेलं. मंत्री त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "स्वीकारतो." अध्यक्षांनी विचारलं, सभागृह हो म्हणालं, आणि टेबलप्रतीवर ते वाक्य निळ्या शाईने लिहिलं गेलं.

बुधवारी दुपारी मास्तरांनी वाचलं, तिने बोट फिरवलं, सह्या झाल्या.

गुरुवारी सकाळी उरलेल्या छापील प्रती कपाटात लावताना तिची नजर सहज नवव्या कलमावर गेली. "काम सोडल्यापासून एक वर्षाच्या आत." छापखान्याने त्या पानाचा जुनाच मजकूर लावला होता. बरं, छापखाना चुकतो, म्हणून तर ही खोली आहे! पण काल मास्तरांनी काय वाचलं होतं? "आजाराचे निदान झाल्यापासून एक वर्षाच्या आत, पूर्णविराम." तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. कागदावर नसलेलं वाक्य माणूस वाचेल कसं?

तिने तो कागद मास्तरांपुढे ठेवला. "मास्तर, नववं कलम जरा वाचा ना."

मास्तरांनी चष्मा सारखा केला, कागदावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आजाराचे निदान झाल्यापासून..."

"यात तसं लिहिलेलं नाही, मास्तर."

मास्तरांचं बोट नवव्या कलमावर नव्हतंच, समासावर होतं.

"किती दिवस झाले?" तिने विचारलं.

"आठ महिने." मास्तरांचा आवाज एकदम बारीक झाला. "कडेचं दिसतं थोडं. मधोमध नुसता ढग. डॉक्टर म्हणतात, डोळ्यामागचा पडदा गेला, आता काही होणार नाही."

आठ महिने या माणसाने ताकास तूर लागू दिली नव्हती. टेबलप्रतीची नक्कल संध्याकाळी घरी न्यायची, बायकोने स्वल्पविरामासकट वाचून दाखवायची आणि यांनी पाठ करायची. बायको म्हणे, संसारात तुम्हाला माझं एक वाक्य लक्षात राहिलं नाही आणि ही सरकारची कलमं बरी राहतात! एरवी कानामात्रा खळखळून हसली असती. पण आता ती मनातल्या मनात मागचे महिने मोजत होती. आठ महिने ती छापील प्रतीशी काही ताडत नव्हती, मास्तरांच्या पाठांतराशी ताडत होती. मजकूर जुळणारच होता!

"आधीच्या आठ महिन्यांचं नंतर बघू, एकेक प्रत काढून बघू," ती म्हणाली. "पण ही अध्यक्षांच्या सहीनिशी आज रस्त्यापलीकडे जायची आहे. चारला राष्ट्रप्रमुखांची सही."

"अगं, दोनच महिने राहिलेत माझे." मास्तरांनी चाचपडत तिचा हात धरला. "आंधळा म्हणून हाकलतील. निरोपाचा हार राहू दे, पण निदान सरळ मान करून बाहेर पडू दे की मला."

तिला रडू आलं. याच माणसाने तिला पहिल्या दिवशी बोट कसं फिरवायचं ते शिकवलं होतं. नवरा दवाखान्यात होता तेव्हा तिच्या वाटचं काम महिनाभर एकट्याने उरकलं होतं आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. पण तिने हात सोडवून घेतला.

"तुमचे दोन महिने आहेत, मास्तर. त्या लोकांचं उभं आयुष्य आहे."

वरच्या मजल्यावर, सभागृहाच्या सचिवांच्या दालनात तिने सगळं उभ्या उभ्या सांगितलं. फक्त चूक कशी झाली ते सांगितलं नाही. सचिव कपाळाला हात लावून बसले.

"बाई, अध्यक्षांची सही झालेली प्रत परत मागवायची? उद्या वर्तमानपत्रवाले आपली सालटं काढतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आणू, संपलं."

"कोण आणणार, साहेब? आणि आणलं तरी मधल्या काळात ज्यांचे अर्ज फेटाळले जातील त्यांना काय सांगायचं, कारकुनाची चूक झाली, तुम्ही खोकत बसा?" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला इच्छाही नव्हती. "सभागृह एक म्हणालं आणि आपण दुसरंच पाठवलं. असं चालत असेल तर वर एवढे लोक निवडून कशाला देतात? आपणच लिहू की खालच्या खोलीत बसून!"

सचिव हळू म्हणाले, "परत मागवायची तर मला कारण लेखी द्यावं लागेल. पडताळणी खोटी ठरली, असं. वाचलं कोणी होतं?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आपणच वाचलं असं सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. ओठांवरसुद्धा आलं. पण एक खोटी पडताळणी दुसऱ्या खोट्याने कशी दुरुस्त करणार?

"मास्तरांनी वाचलं," ती म्हणाली. "आणि बोट माझं होतं. मीही मान वर करून बघितलं नाही. दोघांचं लिहा."

मास्तरांना बोलावणं गेलं. ते भिंतीला हात लावत आत आले. सचिवांनी समोरचा एक कागद त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला.

"दिसत नाही, साहेब," ते म्हणाले. "आठ महिने झाले."

सचिवांनी फोन उचलला.

प्रत परत आली तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती. छापखान्याने ते पान नव्याने लावलं. तोवर कानामात्राने शेजारच्या विभागातली एक मुलगी बोट फिरवायला आणून बसवली आणि बजावलं, "माझ्या आवाजावर विश्वास ठेवू नकोस. दर पानाला माझ्या हातातला कागद ओढून घेऊन बघ." मुलीने खरंच दर पानाला कागद ओढला. नववं कलम आलं तेव्हा तर दोनदा ओढला. मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर बसून होते. त्यांच्या हातात काहीच कागद नव्हता. सह्या झाल्या, अध्यक्षांनी पुन्हा सही केली आणि तासभर उशिराने, पाच वाजता प्रत रस्ता ओलांडून गेली.

मास्तरांना दुसऱ्या दिवसापासून न येण्याबद्दल सांगण्यात आलं. कानामात्राच्या नावावर ठपका बसला. विभागप्रमुखाची जागा तिला मिळणार असं ठरत आलं होतं, ते बारगळलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं, आता त्या खोलीला निदान नवा पंखा तरी मागून घे."

संध्याकाळी सचिवांच्या दालनातून ती मास्तरांना जिन्यावरून खाली घेऊन निघाली. मास्तरांनी तिचा दंड धरला होता. मधल्या वळणावर ते थांबले.

"मला तुझा राग आलाय," ते म्हणाले. "फार आलाय."

"येऊ दे."

"पण तू बोलली नसतीस, तर मी बोललो नसतो. प्रत गेली असती, सही झाली असती आणि मी निरोपाचा हार घालून घेतला असता. त्याचं जास्त लागलंय मला."

नाही हो मास्तर, तुम्ही बोललाच असतात, असं म्हणता आलं असतं. ते खोटं झालं असतं आणि मास्तरांनी ते लगेच पकडलं असतं. तिने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"पुढे पायरी आहे," ती म्हणाली, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागली.